पाहणीला जायच्या आधी एवढं करून ठेवा

वस्तीत उकाडा किंवा पाणी भरणं कमी करायचं सरकारी काम सुरू व्हायच्या आधी तिथे एक फेरी झालीच पाहिजे, कारण आधी काय होतं तेच कुणी लिहून ठेवलं नाही तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून सांगणार. समजा मुंबईत गोवंडी-मानखुर्दला सरकारी पैशातून पत्र्यांना पांढरा उष्णतारोधक रंग मारायचाय, तर एप्रिलमध्येच पाच-सहा घरांत साधे थर्मामीटर लावा, त्यातला एक पोटमाळ्यावर हवाच, तिथे पत्रा डोक्यापासून हातभरावर असतो आणि पोरं अभ्यासाला तिथेच बसतात. दुपारी तीनला आकडा बघायचा आणि लगेच वहीत लिहायचा. रंग न मारलेली दोन घरं पण धरा, नाहीतर ढग आले म्हणून उकाडा कमी झाला तरी श्रेय रंगालाच जाईल.

नाल्याचं काम असेल तर मागच्या पावसात पाणी कुठवर चढलं ते घरातल्या बाईलाच विचारा, ती भिंतीवर हात ठेवून दाखवते, तिथे ऑइलपेंटची रेघ मारून टेपने उंची घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता, त्या दिवसाच्या पाण्याची रेघ वेगळी काढा, दरवर्षीच्या पाण्यात मिसळू नका. पाणी भरलं त्या दिवसाची भरतीची वेळ पण लिहा, समुद्र वर असताना नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही.

कागद आधीच मागवा: वर्क ऑर्डर (कामाचा आदेश), एस्टिमेट (खर्चाचा अंदाज), आणि काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं) पण. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो पण उत्तराला ३० दिवस धरा. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, की त्याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घ्यायचा पण हक्क आहे. मुंबईचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन (हवामान बदलाला तोंड द्यायचा महापालिकेचा आराखडा) मार्च २०२२ मध्ये आला, त्यात उष्णता आणि पुराबद्दल काय म्हटलंय ते वाचून जा, म्हणजे वॉर्ड ऑफिसात बोलताना नेमकं बोट ठेवता येतं.

मीटिंग नळाला पाणी येतं त्या वेळेला ठेवू नका, बायका येणारच नाहीत. भाडेकरूंना वेगळं बोलवा, लाभार्थ्यांच्या यादीत नाव मालकाचं असतं आणि उकाडा भाडेकरू सोसतो, मला तर हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. प्रश्न हिंदीत पण लिहून न्या.

आणि आकडे वॉर्ड ऑफिसला द्यायच्या आधी गल्लीत मोठ्याने वाचून दाखवा, कुणी "आमच्याकडे एवढं नव्हतं" म्हणालं तर तिथेच परत मोजा. वहीची एक झेरॉक्स बचत गटाच्या ताईंकडे राहू दे.