नातवंडांसाठी खेळणं घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खेळणं घेण्याआधी मी ते ओढून, पिळून बघते. डोळा किंवा चाक निघून हातात आलं की ठेवलं परत. तीन वर्षांखालच्या पोराचं सगळं तोंडात जातं. आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. बटण सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं, गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

दिवे लावून गाणारी मोटार मला पटतच नाही. खेळते ती, पोर नुसतं बघतं! त्यापेक्षा करवंट्या घासून गुळगुळीत करा. त्यांची भातुकली होते, तराजू होतो, ढोलही. पाणी ओतताना सांडणारच. ओरडू नका, फडकं हातात द्या. लगोरी पाच-सहा वर्षांपुढे, आणि फुटक्या कौलांची नको, कडा लागतात.