बर्फाळ डोंगरात जाण्याआधी: हिमस्खलनाची तयारी

सॅक भरायला घेण्याआधी नकाशा उघडा. बीकन (गाडलेल्याला शोधण्यासाठी संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं ही सगळी निर्णय चुकल्यानंतरची साधनं. निर्णय घ्यायचा तो घरीच, नकाशासमोर बसून. कंटूर रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) किंवा अ‍ॅपमधल्या रंगांवरून वाटेतला प्रत्येक उतार किती अंशांचा आहे ते बघा. बर्फाचे थरच्या थर सुटून येतात ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. आपली वाट सौम्य आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण डोक्यावरचा तीव्र उतार खालून चालणाऱ्याच्या वजनानेही सुटू शकतो. उताराच्या पायथ्याशी काय आहे तेही बघा. अरुंद घळीत थोडा बर्फ आला तरी माणूस खोल गाडला जातो, आणि खाली कडा असेल तर विषयच संपला.

मग त्या भागाचं हिमस्खलन-सूचनापत्रक वाचा, आणि नुसता आकडा बघून मिटू नका. धोक्याची पातळी १ ते ५ अशी असते. ३ म्हणजे मधली, म्हणून चालेल, असा समज फार घातक आहे; जीवघेण्या अपघातांतले कितीतरी याच पातळीला होतात. धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर आणि कशामुळे आहे, हे वहीत लिहून घ्या. बर्फ पडला नसला तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला साठवतो. सर्वांत फसवा असतो तो आत दडलेला कच्चा थर. थंडीत बर्फाचे कण टोकदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा न होता भरड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. वर कितीही घट्ट बर्फ बसला तरी हा थर काही आठवडे तसाच राहू शकतो.

आता सामान. बीकन, प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडं प्रत्येकाकडे हवंच, तिघांत एक असं चालणार नाही. बीकनमध्ये उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारच्या नव्या बॅटऱ्या घाला. बीकन अंगावर बांधा, सॅकमध्ये ठेवू नका. फोन त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंटिमीटर. निघताना सगळ्यांचे बीकन संकेत पाठवतात आणि पकडतात का, दोन्ही तपासा. प्रोब निदान २४० सेंटिमीटरचा घ्या.

सराव मात्र टाळू नका, ही कळकळीची विनंती. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता खूप असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरलेली असते. एवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही, जे काही करायचं ते सोबत्यांनीच. एक बीकन पिशवीत घालून बर्फात पुरा, शोधा, खणा. प्रोब लागला की तो तसाच रोवलेला ठेवा आणि त्याच्यावर उभं राहून खणण्याऐवजी उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा.

निघण्याआधी गटात एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या: कोणीही एकाने ‘परत फिरूया’ म्हटलं तर फिरायचं, नवख्याने म्हटलं तरीही. कारण विचारा, वाद घालू नका. परत फिरण्याच्या खुणाही आधीच ठरवा. जवळपास ताजं स्खलन दिसलं, पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसला, पावलापुढे भेगा पळाल्या, किंवा ऊन चढून बर्फ ओलावला, तर तीव्र उतारावर पाऊल टाकायचं नाही. आधी कोणी गेल्याच्या खुणा दिसल्या म्हणजे उतार पक्का, असंही धरू नका. एखादा उतार दहाव्या माणसालाही सुटतो. संशयाचा उतार टाळता येत नसेल तर एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

मागे राहणाऱ्या एकाकडे वाट, परतीची वेळ आणि बचाव पथकाचा क्रमांक लिहून द्या. बेत बदलला तर त्याला कळवा.