नातवंड दत्तक जायची वेळ आली? आजी-आजोबांनो, या चुका टाळा

"रक्ताचं नातं आहे, आम्हाला न विचारता लेकरू देतीलच कसं?" सिव्हिल लाईन्समध्ये वकिलासमोर बसलेले आजोबा हमखास असं बोलतात. पण देतात. 1956 च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आई-वडीलच. त्यांनी मूल बाल कल्याण समितीपुढे (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) समर्पित केलं, म्हणजे हक्क सोडून सोपवलं, तर तुमची सही लागत नाही. तुमच्या हाती मूल मागायची संधी तेवढी उरते, आणि तिलाही मुदत असते.

तोंडी सांगून वाट पाहणं

सगळ्यात जास्त घात यानेच होतो. नेहमीचा प्रकार असा: अविवाहित लेकीला बाळ होतं, लोक काय म्हणतील या धसक्यानं घरचेच समर्पणपत्रावर तिची सही करायला लावतात. तीन आठवड्यांनी आजीचा जीव तुटायला लागतो. ती बाळ ठेवलेल्या संस्थेच्या दारात जाते, "मॅडम आल्या की या" ऐकून परतते. मग नगरसेवक, मग ओळखीचा हवालदार. सगळे "बघतो" म्हणतात. तोवर 60 दिवस उलटतात, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित होतं, आणि फाइलमध्ये आजीचा एक कागदसुद्धा नसतो. आजीला नातू नकोच होता, असंच ती फाइल वाचणाऱ्याला वाटतं.

ते 60 दिवस फेरविचाराचे आहेत आणि समर्पण मागे घ्यायचा अधिकार सही करणाऱ्या आईचाच आहे. म्हणून आधी लेकीशी बोला, तिला सोबत न्या. ती तयार नसेल तरी तुमचा स्वतंत्र लेखी अर्ज त्याच दिवशी समितीकडे द्या. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. जोडायचं काय? नातं सिद्ध करणारे जन्मदाखले, आधार, रेशन कार्ड, पेन्शनचं पासबुक, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. आणि लोक हमखास विसरतात ते, म्हणजे तुमच्यानंतर मूल कोण सांभाळणार त्या मामा-काकाचं संमतीपत्र. मागणी नेमकी लिहा: आमच्या घराचा सामाजिक तपासणी अहवाल (घरच्या परिस्थितीची चौकशी) मागवावा आणि मूल 'योग्य व्यक्ती' (मूल सांभाळायला कायद्यानं लायक ठरवलेली व्यक्ती) म्हणून आमच्याकडे सोपवावं. नकार आला तर लेखी आदेश मागा. त्यावर 30 दिवसांत बालन्यायालयात अपील करता येतं.

स्टॅम्प पेपरवरचं दत्तक

कोर्टाच्या फाटकाशी "दोन दिवसांत करून देतो" म्हणणारे भेटतात आणि घाईतली माणसं त्यांच्याच मागे जातात. नोटरीच्या शिक्क्यानं दत्तक होत नाही. 1956 च्याच हिंदू दत्तक कायद्यात मूल द्यायचा अधिकार आई-वडिलांना आहे, त्यांच्याखेरीज दुसऱ्या पालकाला तो कोर्टाच्या परवानगीनंच मिळतो. त्यातली अट तर कुणी वाचतच नाही: तुमचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा हयात असेल, तर त्या कायद्यानं तुम्हाला मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे लेकीचा पोरगा घ्यायचाय आणि घरात स्वतःचा मुलगा आहे, तर तिथेच अडलं. अनाथ किंवा समर्पित मूल परस्पर दिलं-घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

अशा वेळी 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं नातेवाईक-दत्तक बघा. त्यातल्या 'नातेवाईक' या व्याख्येत दोन्हीकडचे आजी-आजोबा आहेत, आणि दत्तक पालकांची वयोमर्यादा त्यांना लागू नाही. नोंदणी 'कारा'च्या (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) पोर्टलवर होते, मदत जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. ती पढवून घेऊ नका, लगेच कळतं.

पण दत्तकच कशाला? आई-वडील नसतील किंवा सांभाळू शकत नसतील, तर बहुतेक घरांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयातून पालकत्व पुरतं. मुलाचं नाव तेच राहतं, आई-वडिलांचा वारसाही तुटत नाही. मूल आज कुणाच्या ताब्यात राहणार, यासाठी अंतरिम अर्ज त्याच दिवशी टाका.

बाकीच्या चुका

स्वतःच मूल नेऊन समितीला सोपवणं: तुम्ही कोर्टानं नेमलेले पालक नसाल, तर मूल 'सोडून दिलेलं' धरून पुढची प्रक्रिया चालते.

व्याही-सुनेची निंदा अर्जात भरणं: कोर्ट मुलाचं हित बघतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये कोविडनं अनाथ झालेल्या मुलाचा ताबा वडिलांच्या आई-वडिलांना दिला. वय आणि उत्पन्न एवढ्यावरच त्यांना नाकारता येत नाही, हे तिथे मान्य झालं. निकालाची प्रत वकिलाकडून मागून घ्या.

"दत्तक गेला तरी भेटू": आदेशानंतर जन्मघराशी कायद्याचं नातं संपतं.

खर्चाच्या भीतीनं गप्प बसणं: बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज आजीच्या नावानं करा. स्त्रियांना मोफत वकील देताना उत्पन्नाची अट बघत नाहीत.