झोपेची गोळी घेताना या चुका टाळा: आमच्या कॅलेंडरवरच्या नोंदी

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर लटकतं. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याचं बिल, सगळं त्यावरच. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टच्या पानावर एका चौकोनात बायकोच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘ह्यांनी रात्री कांदा चिरला.’

मला तो कांदा आजही आठवत नाही. म्हणून तर हे लिहायला बसलोय. झोपेच्या गोळीचा दुष्परिणाम ज्याला होतो त्याला तो बहुतेक वेळा कळत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दिसतो. मी डॉक्टर नाही. सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशिनवर आहे आणि आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. पस्तिशीपर्यंत आडवं पडलं की झोप लागायची. सत्तेचाळिशी ओलांडली आणि सेकंड शिफ्टहून आल्यावर दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याची पाती मोजायला लागलो. पुढे जे घोटाळे झाले ते आमच्या घरचे, आणि त्यामागची कारणं डॉक्टरांनी समजावलेली.

शेजारच्याची अर्धी गोळी

सुरुवात जिन्यात झाली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “ही घे, अर्धीच आहे. काही होत नाही.” ती अल्प्राझोलाम होती. झोप छान लागली, आणि तिथेच घोळ झाला. लागली नसती तर दुसऱ्या दिवशी विसरून गेलो असतो.

मग रिकामी स्ट्रिप खिशात घालून मेडिकल शोधत फिरलो. दोघांनी चिठ्ठी मागितली, तिसऱ्याने मागितली नाही. तेव्हा मला तो तिसरा भला माणूस वाटला होता. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी झोपेची औषधं आपल्याकडे शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही ३ वर्षं जपायची असते. वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना असते ती त्यासाठीच. आपण ती फाडून गोळी काढतो.

काकांची गोळी त्यांच्या वयाला, त्यांच्या दुखण्याला, त्यांच्या बाकीच्या औषधांच्या जोडीला दिलेली होती. माझ्याविषयी त्या स्ट्रिपला काय माहीत?

गोळी घेऊन ‘जरा’ जागं राहणं

आता कांदा. तोवर मी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी थोड्या दिवसांसाठी झोल्पिडेम लिहून दिली आणि बजावलं, “गादीवर बसून घ्यायची, दिवा मालवायचा, संपलं.” मी त्या रात्री साडेदहाला गोळी घेतली आणि झोप येईपर्यंत म्हणून मोबाईल हातात घेतला.

सकाळी ओट्यावर अर्धा चिरलेला कांदा होता. सुरी तशीच उघडी, टोक काठाच्या बाहेर. शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीचं झाकण फ्रिजमध्ये आणि बरणी बाहेर. गॅसवर तवा, नशिबाने गॅस बंद. मोबाईल उघडला तर ११ वाजून २० मिनिटांनी मेहुण्याला मेसेज गेलेला: ‘प्लॉटचं उद्या नक्की डाळ आहे.’ त्याचा सकाळचा फोन घ्यायची माझी हिंमत झाली नाही. बायको म्हणाली, “तुम्ही बोलत होतात की माझ्याशी! डोळे उघडे होते. भूक लागली म्हणालात.”

या गोळीचा अंमल साधारण अर्ध्या तासात चढतो. त्यानंतर माणूस चालतो, बोलतो, खातो, पण त्याची आठवण साठत नाही. कुणी गाडीही काढतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-खात्याने, २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि तिच्या जातीच्या दोन औषधांवर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला तो याच कारणाने. हे पहिल्याच गोळीलाही होऊ शकतं, आणि एकदा झालं तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही. मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे हसण्यावारी नेलं. आठवडाभराने डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं तर ते हसले नाहीत. तिथल्या तिथे गोळी बंद केली.

भरपेट जेवणावरही ही गोळी घेऊ नये. अंमल उशिरा चढतो, आपल्याला वाटतं लागू पडली नाही, आणि माणूस दुसरी घेतो.

अलार्म किती वाजता, हे न बघणं

सेकंडवरून फर्स्टला शिफ्ट बदलायची तो रविवार सगळ्यात वाईट. कांद्याच्या आधीची गोष्ट. असाच एक रविवार, रात्रीचा दीड वाजला तरी टक्क जागा. झोल्पिडेम घेतली. पावणेसहाचा अलार्म. म्हणजे सव्वाचार तास, आणि या गोळीनंतर सात-आठ तास अंथरुणात काढायची सवड असेल तरच ती घ्यायची असते. पपया नर्सरीच्या सिग्नलला लाल दिवा लागला म्हणून थांबलो. मागच्या कंपनी बसचा हॉर्न ऐकून डोळे उघडले तेव्हा सिग्नल हिरवा होता, आणि तो कितव्यांदा हिरवा झाला होता हे मला सांगता येत नाही. पाय जमिनीवर टेकलेले, हात हँडलवर. तसाच पुढे गेलो आणि मशिनवर उभा राहिलो, ही त्याहून मोठी चूक. जॉब नीट लावला की नाही ते सुपरवायझरने पाहिलं म्हणून निभावलं.

याचीच जुळी चूक म्हणजे बायकोने एका रात्री माझीच गोळी घेतली. तिला पाळी जाण्याच्या सुमारास रात्री दोन-तीनदा घामाने जाग यायची. माझी गोळी १० मिलिग्रॅमची. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे एफडीएने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जात होतं आणि ती शेगडीसमोर उभी राहून बघत होती. कॅलेंडरवर ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

‘सर्दीचीच तर आहे’

हा प्रसंग वडिलांचा, आणि मला सगळ्यात जास्त लागलेला. वय ७८, पंचवटीत जुन्या घरात राहतात, प्रोस्टेट वाढलेलं. झोप येत नाही म्हणायचे. मीच म्हटलं, सर्दीच्या गोळीने गुंगी येते, ती घ्या, तिची काही सवय लागत नाही. तीन रात्री घेतली. तिसऱ्या रात्री पावणेतीनला फोन आला: लघवी होत नाही, पोट फुटेल असं वाटतंय. दवाखान्यात नळी घातल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. त्याआधीचा दिवसभर ते आईला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते, आणि आम्ही म्हणत होतो वय झालं.

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुन्या पद्धतीची ॲलर्जीची औषधं गुंगी आणतात, हे खरं. पण ती तोंड कोरडं पाडतात, शौचाला घट्ट करतात, लघवी अडवतात आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडवतात. शिवाय काही दिवसांत गुंगीची सवय होते आणि बाकीचे त्रास तेवढे उरतात. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या ‘बीअर्स’ यादीत म्हाताऱ्यांनी टाळायच्या औषधांत ही जात आहे. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर विचारल्याशिवाय हातच लावू नये.

गमी, जायफळ वगैरे

मुलाने मेलाटोनिनच्या गोड गोळ्या मागवल्या, जेलीसारख्या. मी बारा वाजता एक खाल्ली, साडेबाराला दोन. मग रात्रभर स्वप्नं: मशिनमधून धातूच्या चिप्सच्या जागी शेव पडतेय, पडतेय, थांबतच नाही. मेलाटोनिन झोपवत नाही, मेंदूला अंधार झाल्याचा निरोप देतं. त्यामुळे वेळ महत्त्वाची, जास्त खाल्ल्याने जास्त झोप येत नाही. ज्यांची झोप घड्याळापासून सरकली आहे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घेतलं तर उपयोग होतो. आणि डबीवर लिहिलंय तेवढंच आत असेल याची खात्री नाही. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तर काहींत लिहिल्याच्या पाव भागाहून कमी आणि एकात पाचपटीच्या वर मेलाटोनिन निघालं, हे २०१७ मध्ये छापून आलं.

दुधात चिमूटभर जायफळ आमच्याकडे आजीपासून आहे, त्याला माझी ना नाही. पण चिमूटभरच. चमचाभर घातलं तर छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, भासही होतात. सर्पगंधा मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नको. तिच्यातलं रेसर्पीन रक्तदाब खाली आणतं, मनही खाली बसवतं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते म्हणून ती भाजी होत नाही.

घोरणाऱ्याने आणि घोट घेणाऱ्याने

माझे साडू रेल्वेच्या डब्यासारखे घोरतात. सकाळी डोकं जड, दुपारी खुर्चीतच डुलकी. त्यांनीही झोपेची गोळी सुरू केली. रात्री घोरता घोरता त्यांचा श्वास थांबतो, हे त्यांच्या बायकोने सांगितलं तेव्हा झोपेची तपासणी झाली. स्लीप ॲप्निया निघाला. अशा माणसाला अशी गोळी म्हणजे आधीच अडणाऱ्या श्वासाला आणखी सैल करणं. आता नाकाला सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावून झोपतात आणि गोळीशिवाय झोपतात.

दारूचं तर सांगायलाच नको, तरी आपलं गाव द्राक्षांचं, लग्नसराईत ग्लास हातात येतोच, म्हणून सांगतो. गोळी आणि दारू दोन्ही श्वास मंद करतात. एकत्र घेतल्यावर कुणी हलवून उठत नसेल, श्वास हळू पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर ‘झोपू दे’ म्हणू नका, १०८ ला फोन करा.

एका झटक्यात बंद

झोल्पिडेम बंद झाल्यावर डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी क्लोनाझेपामची छोटी गोळी दिली होती. पंधरा दिवसांचे साडेचार महिने मी केले, जुन्या चिठ्ठीवर. मग नवीन वर्षाचा संकल्प: एक जानेवारीपासून गोळी बंद! पहिले दोन दिवस काहीच झालं नाही आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो. हे औषध शरीरात रेंगाळतं. निम्मं जायलाच तीस-चाळीस तास लागतात. त्यामुळे खरा हिसका तिसऱ्या रात्री बसला. पेपरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या, घरात सगळे दोन-दोन पांघरुणांत, आणि मी घामाने चिंब बनियन बदलतोय. चहाचा कप बशीवर खडखड वाजत होता. नळाचं टपटपणं हातोड्यासारखं कानावर पडत होतं. झोप शून्य. मला वाटलं, बघा, गोळीशिवाय आपण जगूच शकत नाही.

डॉक्टरांनी ते उलट करून सांगितलं: हा मूळचा निद्रानाश नव्हे, गोळी अचानक काढल्याचा झटका आहे, आणि जास्त डोसवाल्यांना यात फिटही येऊ शकते. मग गोळी पुन्हा सुरू करून पायरीपायरीने कमी केली. पाव भाग कमी, दोन आठवडे थांबा, पुन्हा थोडी कमी. अडीच महिने लागले. हे वेळापत्रक माझं होतं, उचलू नका. तुमचं तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आधी विचारायचा प्रश्न शेवटी

या सगळ्यात झोप का येत नाही हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी दोन आठवडे वही लिहायला लावली: कधी आडवा, कधी जाग, काय खाल्लं-प्यालं. चौथ्याच दिवशी उत्तर सापडलं. सेकंड शिफ्टला रात्री साडेनऊला कॅन्टीनचा चहा, एक नव्हे, दोन कटिंग. कॅफिनपैकी निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे मी दोन वाजता पंख्याची पाती मोजत होतो तेव्हा एक अख्खा कटिंग अजून रक्तात फिरत होता.

चहा संध्याकाळी सहालाच बंद केला. थर्ड शिफ्टनंतर झोपायच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावला. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर अंथरुणातून उठून बाहेरच्या खुर्चीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. सीबीटी-आय म्हणजे गोळीशिवाय, सवयी आणि विचार बदलून निद्रानाशावर करायचा उपचार, त्यातला हा एक तुकडा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच करा असं सांगितलं. पहिले दहा दिवस मी फार चिडचिडा झालो होतो, हे कॅलेंडरवर आहेच. झोपेबरोबर मनही बसलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर वही वगैरे नंतर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सात गोळ्या उरल्या होत्या. परवा काकांनी जिन्यातच गाठलं. त्यांची स्ट्रिप संपली होती, दोन दिवस डॉक्टर नव्हते. “तुझ्याकडे उरल्यात का रे?” उरल्यात म्हटलं, पण देणार नाही. ‘काका, बंदच करा ती’ असंही म्हणालो नाही, सहा वर्षं घेतायत. स्कूटर काढली, त्यांना मागे बसवलं, त्यांच्या रिकाम्या स्ट्रिपसकट माझ्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ते दोनदा म्हणाले, “अर्धीच तर घेतो मी.”