शेवटच्या इंडियाना जोन्सवर वाद घालायचा असेल तर

माणसं बोलावण्याआधी एकेकाला नावानिशी विचारून घ्या: इंडियाना जोन्स या चाबूकवाल्या पुरातत्त्वज्ञाचा पाचवा सिनेमा, 'डायल ऑफ डेस्टिनी', शेवटपर्यंत पाहिला का? 'पाहिला' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो जेवताना मोबाइलवर, आगगाडीच्या टपावरची मारामारी संपेपर्यंतच पाहिलेला असतो. सिनेमा 154 मिनिटांचा आहे आणि खरा वाद शेवटच्या अर्ध्या तासावर आहे. ज्यानं तेवढा भाग पाहिला नाही त्याच्यासाठी बैठक आठवडाभर पुढे ढकला, पण त्याला पाहू द्या.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, शाळेत इतिहास शिकवते. आमच्या घरी हा वाद 2023 च्या जुलैपासून चालू आहे. माझे दीर, भाचा, पुतणी, शेजारचे काका आणि शाळेतल्या दोन मैत्रिणी. सगळे या मालिकेवर जीव टाकणारे. असा वाद नीट झाला तर सिनेमा दुसऱ्यांदा पाहिल्यासारखा वाटतो, आणि नीट झाला नाही तर दोन माणसं महिनाभर बोलत नाहीत. म्हणून हे सगळं तपशिलानं लिहितेय.

पहिलं म्हणजे, उन्हाळ्यात बैठक ठेवू नका. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करता येत नाही, आणि त्याच्या आवाजावर बोलायचं म्हणजे प्रत्येकाला ओरडावं लागतं. 'मले शेवट नाही पटला' हे साधं वाक्य कूलरसमोर ओरडून म्हटलं की भांडण काढल्यासारखं वाटतं, आणि समोरचाही त्याच पट्टीत उत्तर देतो. दिवाळीनंतरची संध्याकाळ धरा. गच्चीवर सतरंजी टाका, स्वेटर घालून बसा. सहा-सात जण पुरेत, दहाच्या वर गेले की दोन टोळकी होतात. त्या दिवसांत बाजारात सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात) भरपूर असतो, तेव्हा सांबारवडी करा, पण ती बोलणं सुरू व्हायच्या आधी वाढा. गरम वडी आणि कढी मधेच आली की रंगात आलेला मुद्दा तिथेच सुटतो.

बसल्यावर प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर नाव, 'शेवट पटला' किंवा 'नाही पटला', आणि त्याखाली ज्यामुळे असं वाटलं तो एकच प्रसंग. चिठ्ठ्या घडी करून स्टीलच्या डब्यात टाका. आत्ता कोणी वाचायच्या नाहीत.

मग पहिला प्रश्न: यातला कोणता सिनेमा तुम्ही सगळ्यात आधी पाहिला, आणि तेव्हा किती वर्षांचे होता? या प्रश्नावर घाई करू नका, कारण निम्मा वाद इथेच उलगडतो. पहिला सिनेमा 1981 चा, दुसरा 1984 चा, तिसरा 1989 चा. मग 19 वर्षं काहीच नाही. चौथा 2008 मध्ये, आणि पाचवा त्यानंतर 15 वर्षांनी, 2023 मध्ये. म्हणजे एकाच सतरंजीवर बसलेल्या माणसांचे नायक वेगवेगळे असतात. माझ्या दिरांनी पहिला सिनेमा कॉलेजात असताना भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. त्यांचा नायक दरीवर चाबूक टाकून पलीकडे जाणारा. पाचव्यात तोच माणूस चड्डीवर, ढिल्या अंगानं खुर्चीत झोपलेला दिसला तेव्हा त्यांना तो स्वतःवर झालेला वार वाटला. माझ्या पुतणीनं मात्र पाचवाच आधी पाहिला, थिएटरात. सिनेमा आला तेव्हा हॅरिसन फोर्ड 80 वर्षांचा होता, आणि तिच्यासाठी तो पहिल्यापासून आजोबाच आहे. कपाळाला आठ्या घालून घोड्यावर बसणारा आजोबा तिला फार आवडतो. हे दोघं एकमेकांना 'तुले सिनेमा कळत नाही' म्हणत होते. कोण कुठून आत आलंय हे कळल्यावर ते वाक्य थांबलं.

त्यानंतर ज्या गोष्टी फोनवर पाहून मिटतात त्या लगेच मिटवून टाका. पहिल्या चार सिनेमांचं दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्गचं, पाचव्याचं जेम्स मॅन्गोल्डचं. संगीत पाचही सिनेमांना जॉन विल्यम्सचं. डिस्नेनं लुकासफिल्म 2012 मध्ये विकत घेतली, म्हणजे चौथा सिनेमा डिस्नेचा नाही, ही चूक फार जण करतात. पाचव्यावर सुमारे 30 कोटी डॉलर खर्च झाले, जगभरात तिकिटांचे सुमारे 38 कोटी आले, आणि त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो, म्हणून तो तोट्यात गेला असं म्हणतात. एवढं सांगा आणि पैशाचा विषय बंद करा. आपण त्यात भागीदार नव्हतो. गल्ल्यावरून सिनेमा चांगला की वाईट ठरवायला लागलं की प्रसंगांवर कोणी बोलतच नाही.

आणि प्रसंगांवर बोलणं हाच मी कडक पाळते तो नियम. मत सांगायचं तर प्रसंग सांगा. कोणी 'दम नव्हता' म्हणालं तर शांतपणे विचारा, कुठे? माझे दीर 'दम नव्हता'वर अडून होते. खूप विचारल्यावर म्हणाले, टँजियरच्या गल्ल्यांतला ऑटोचा पाठलाग. ऑटो पळतात, आपटतात, भिंती घासतात, पण कोणाला लागेल अशी भीती वाटत नाही. मग त्यांनी त्याच्याशेजारी पहिल्या सिनेमातला ट्रक ठेवला: नायक ट्रकखालून मातीत फरफटत मागे जातो तो प्रसंग. ते काम टेरी लेनर्ड या स्टंटमननं खरोखर ट्रकखाली जाऊन केलं होतं. खरं अंग, खरी माती, आणि बघणाऱ्याच्या पाठीला ते कळतं. 'दम नव्हता' या दोन शब्दांतून एवढा नेमका मुद्दा निघाला, आणि त्यावर आमची पुतणीसुद्धा काही बोलू शकली नाही. सुरुवातीच्या 1944 च्या भागात संगणकानं तरुण केलेल्या चेहऱ्याबद्दलही असंच विचारा: कोणत्या क्षणी खटकला? चेहरा दिसताना की आवाज आल्यावर? आमच्याकडे चौघांनी आवाज सांगितला. चेहरा पस्तिशीचा, आवाज ऐंशीचा.

'सिनेमा तिसऱ्यातच संपला होता' हे कोणीतरी म्हणणारच. ते दाबू नका. जो सगळ्यात चांगलं मांडेल त्यालाच मांडू द्या: पेट्राच्या घळीतून बाहेर पडून चार घोडेस्वार मावळत्या सूर्याकडे जातात, बाप-लेकाचं जमलेलं असतं, आता आणखी काय हवं? हा या वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि त्याला उत्तर एकच प्रश्न विचारून देता येतं. मॅरियन कुठे आहे? पहिल्या सिनेमातली त्याची प्रेयसी, पुढे बायको, तिसऱ्यात नाहीच. पहिल्या सिनेमात जहाजावर हा माणूस ठेचाळून पडलेला असतो, ती विचारते, दुखत नाही असं कुठे आहे? तो कोपर दाखवतो, मग कपाळ. पाचव्याच्या शेवटी, न्यू यॉर्कच्या त्या लहान घरात, दोघं म्हातारे झालेले, आणि तोच खेळ उलटा होतो. आता कुठे दुखत नाही ते ती दाखवते आणि ओठ तो टेकवतो. 42 वर्षांनी. मावळत्या सूर्यात हे नव्हतं. ज्यांना पहिला सिनेमा पाठ आहे त्यांनी हा प्रसंग पुन्हा लावून बघावा, फोनवर का होईना, पण सगळ्यांनी मिळून.

पाचव्यातल्या काळात मागे नेणाऱ्या यंत्रावर वाद होतो तेव्हा आधी खरी वस्तू समजून घ्या. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये ती वर आली. आज तिचे तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. दातेरी चाकांनी सूर्य-चंद्राच्या जागा आणि ग्रहणं दाखवणारं ते कांस्याचं पंचांगच आहे म्हणा ना. सिनेमात म्हटलंय तसं आर्किमिडीजनंच ते केलं असा पुरावा नाही, आणि काळाच्या दारांचा भाग पूर्ण सिनेमाचा. हे कळल्यावर भाच्यानं विचारलं, "मावशी, पेटीतली भुतं चालतात, सातशे वर्षांचा शिपाई चालतो, अन् काळ मागे गेलेला चालत नाही, असं काहून?" फार चांगला प्रश्न आहे. तुमच्या बैठकीत कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा. आमच्याकडे निघालेलं उत्तर असं: चमत्कार कोणता यावर काही अडत नाही, चमत्कारासमोर हा माणूस कसा वागतो ते बघायचं. पहिल्यात पेटी उघडते तेव्हा तो डोळे मिटून घेतो. दुसऱ्यात दगड गावाला परत देतो. तिसऱ्यात प्याला हाताशी आलेला असताना वडील म्हणतात सोड, आणि तो सोडतो. चौथ्यातही ज्ञानाचा हव्यास दुसऱ्यांना असतो, तो मागे सरकतो.

पाचव्यात हे उलटं होतं, आणि सगळा वाद इथे आणून ठेवायचा असतो. त्या यंत्रामुळे काळात मागे निघालेलं विमान 1939 ऐवजी सिरॅक्यूजच्या वेढ्यात, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पोचतं. रोमन जहाजं, जळते बाण, समोर साक्षात आर्किमिडीज. इंडीला गोळी लागलेली आहे. मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, बायको वेगळी राहतेय. तो म्हणतो, मला इथेच राहू दे. जन्मभर जे अभ्यासलं ते डोळ्यांसमोर आहे. हेलेना, त्याच्या जुन्या मित्राची मुलगी, विनवते, तो ऐकत नाही, आणि ती त्याला ठोसा मारते. पुढच्या दृश्यात तो 1969 मध्ये आपल्या खोलीत जागा होतो.

मी हेलेनाच्या बाजूची आहे. इतिहास शिकवणाऱ्याला त्याचा मोह कळतो. रामटेकजवळ मनसरच्या टेकडीवर उभं राहून वाकाटकांच्या काळातल्या त्या विटा बघताना, इथे तेव्हा कोण चालत होतं हे एकदा बघायला मिळावं असं मला दर वेळी वाटतं. पण ज्यानं चार सिनेमे हात मागे घेतला, त्यालाच शेवटी सोडता येत नाही, आणि आता 'सोड' म्हणणारे वडील नाहीत. मग ते पोरीनं सांगायचं, आणि शब्दांनी होत नाही म्हणून मुठीनं. माझ्या लेखी तिसऱ्या सिनेमातलंच वाक्य इथे पुढच्या पिढीकडून परत येतं. दीर म्हणतात, "वहिनी, पण नायकानं शेवट स्वतः निवडला पाहिजे. बेशुद्ध करून घरी आणलेल्या माणसाचा निर्णय कसला?" हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. त्यानं हेलेनाचा हात धरून स्वतः पाऊल मागे घेतलं असतं तर मलाही जास्त आवडलं असतं.

एक सांभाळा. जहाजावर रात्री तो मुलाबद्दल सांगतो, मागे जाता आलं तर त्याला सैन्यात जाऊ नको म्हणेन, तो प्रसंग. बैठकीत कोणी मूल गमावलेलं असेल तर तिथे 'अभिनय कसा वाटला' विचारत बसू नका. त्यांनी आपण होऊन बोलायचं ठरवलं तर बोलतील.

मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमाचा विषय निघाला की त्याला वेगळी संध्याकाळ द्या. आपल्याकडे तो निघतोच, अमरीश पुरींमुळे. त्यातला खलनायक मोला राम त्यांनी असा उभा केला की लोक आजही ते डोळे विसरत नाहीत, आणि त्याच सिनेमात जेवणाच्या ताटात माकडाचा मेंदू आणि कालीमातेचं ते विकृत रूप आहे. भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते श्रीलंकेत कँडीजवळ झालं. मुलांना ठगांबद्दल विचारायचं असेल तर सांगा की 1830 च्या दशकातली इंग्रज अधिकारी स्लीमनची ठगांविरुद्धची मोहीम आपल्या शेजारच्या जबलपूरहून चालली, आणि त्या नोंदींत इंग्रजांनी किती वाढवून लिहिलं यावर इतिहासकार आजही भांडतात. हे सगळं पाचव्याच्या वादात कोंबू नका, दोन्हींवर अन्याय होतो. ज्या मुलांना यातून उत्खननाची गोडी लागते त्यांना अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, दाखवा, काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवा. तिथे मी भाच्याला नेलं तेव्हा त्यानं पायांनी मोजत एका वर्तुळाला फेरी घातली आणि वहीत आकृती काढली.

बोलून बोलून सगळे आपापल्या जागी घट्ट बसले की बाजू बदला. ज्याला शेवट पटला नाही त्यानं पाच मिनिटं तो पटवून द्यायचा, मनापासून, प्रसंग देऊन. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला हे काम आधी द्या. सगळ्यात लहानाला आधी बोलू द्या, कारण काका बोलले की पोरं त्यांचीच री ओढतात. दोरीवरची टोपी आत ओढणारा तो शेवटचा हात, त्यावर फार वेळ घालवू नका. तो पुन्हा निघाला की घरीच राहिला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

साडेदहाच्या सुमाराला नव्या चिठ्ठ्या द्या, पुन्हा तेच लिहायला सांगा, आणि मग डबा उघडून दोन्ही शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा. मत बहुतेकांचं तेच असतं, प्रसंग मात्र बदललेला असतो. दिरांच्या पहिल्या चिठ्ठीवर खुर्चीतला म्हातारा होता, दुसरीवर ठोसा. ज्याचं मतच बदललं असेल त्याला कोणत्या प्रसंगानं बदललं ते सांगू द्या, आणि तो बोलत असताना कोणी मधे पडायचं नाही.