वादळात धक्क्याला आपटलेली शिडाची होडी कशी दुरुस्त करायची (घाई न करता)

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समोरून गेलं तेव्हा आमची बावीस फुटी फायबरची शिडाची होडी अलिबागकडच्या एका खाडीत जेटीला बांधलेली होती. महिनाअखेरीस वर ओढायचीच होती, म्हटलं दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. आदल्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं होतं तरी अक्कल आली नव्हती. वारा पडल्यावर जाऊन बघतो तर बगलेला ताटाएवढं भोक, नाळेजवळचं (पुढच्या टोकाचं) क्लीट, म्हणजे दोर बांधायचा खुंटा, उपटलेलं, सुकाणू वाकडं, आत गुडघाभर पाणी आणि मागची बाजू खाली बसल्यामुळे आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) अख्खं बुडालेलं.

सगळे भोकाकडे बघत होते. मीपण. पण भोकाला काही घाई नसते, ते चार महिन्यांनी भरलं तरी चालतं. घाई असते ती मिठाची.

कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढा, बांधलेले दोर आहेत तसे दिसतील असे काढा, आणि विमा असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, सर्व्हेयर येईपर्यंत तुटलेला तुकडासुद्धा फेकू नका. आत उतरताना आधी वास घ्या, पेट्रोलचा वास असेल तर कुठलंही बटण दाबायचं नाही, हवा खेळू द्या, मग बॅटरीच्या वायरी सोडवा. बॅटरीत खारं पाणी गेलं की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, त्यामुळे बंद केबिनमध्ये डोकं घालून बसू नका.

मग इंजिन. पाण्याखाली असताना ते तितकं गंजत नाही जितकं बाहेर काढून हवा लागल्यावर गंजतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. म्हणजे बाहेर काढलं की त्याच दिवशी काम झालं पाहिजे, आणि मेकॅनिक उद्या येणार असेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, ऐकायला वेडेपणा वाटेल पण तेच बरोबर. मेकॅनिक आला की स्पार्क प्लग काढून, प्लगची भोकं खाली करून पाणी उतरवा, स्टार्टरची दोरी हळू ओढून बघा, अडकत असेल तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये ऑइल घाला, कार्बोरेटर खोलून धुवा, पेट्रोल नवीन, फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल दोन-तीनदा बदला, दुधासारखं दिसायचं थांबेपर्यंत. मग अर्धा-पाऊण तास गोड्या पाण्यावर चालवा. आमचं वाचलं ते फक्त पिंपामुळे.

बाकी सगळी होडी पण गोड्या पाण्याने धुवायची, शिडं, दोर, पुल्या, शॅकल (दोर-तारा जोडायच्या कड्या) सगळं. किनाऱ्यावर बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, आधी चव घेऊन बघा, नाहीतर मिठावर मीठ. शिडं सावलीत वाळवा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे अशी वादळं मे-जूनमध्ये गाठतात आणि लगेच मागून पाऊस. ओल्या फायबरवर, ओल्या हवेत रेझिन (फायबर चिकटवणारा, सुकून घट्ट होणारा द्रव) मारलं की वरून छान दिसतं आणि पुढच्या वर्षी पापुद्रा सुटून येतो. म्हणून भोकावर आतून-बाहेरून प्लायवूडचा तुकडा बोल्टने आवळा आणि मच्छीमार जशा आपल्या होड्या शाकारून ठेवतात तशी ही पण शाकारा, बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, दोन्ही टोकं उघडी. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत घाम धरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावरची माणसं मोकळी असतील म्हणून आत्ताच काम उरकून घ्यायचा मोह होतो, तो टाळा. ऑक्टोबर हिटमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने होडीच्या अंगावर चिकटवा, दिवसभर ऊन लागू द्या, आतून वाफ धरली तर अजून थांबायचं.

पावसाळ्यात करायचं काम म्हणजे टकटक. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळी होडी वाजवत जा, टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटलेत, तिथे खडूने गोल करा. आमच्याकडे ताटाएवढ्या भोकाभोवती परातीएवढा गोल निघाला. आणि जिथे होडी आपटली तिथेच नाही तर जिथे दोराने ओढली तिथे जास्त बघा, क्लीटच्या आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, कीलचा (तळाच्या कण्याचा) जोड, शराउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या) चेनप्लेटा, म्हणजे त्या तारा होडीला जोडणाऱ्या पट्ट्या. आमच्या क्लीटखाली नुसते चहाच्या चमच्याएवढे वॉशर होते, उपटणारच. नवीन बसवताना खाली ६ मिमीची स्टीलची पट्टी टाकली.

फायबरचं काम कोकणात मच्छीमार होड्या दुरुस्त करणारे फायबरवाले उत्तम करतात, हात चांगला असतो, पण भोकाच्या कडेचा उतार नीट घासायचा कंटाळा करतात, तिथे उभं राहा. जाडीच्या बारा पट उतार, म्हणजे ५ मिमी जाडीला चारी बाजूंनी ६ सेंमी. बाहेरून वॅक्स लावलेला सनमायका दाबून बसवायचा, आतून आधी जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), मग पातळ मॅट (काचेच्या तंतूंची चटई), मग मॅट आणि विणलेलं कापड आलटून पालटून, एका वेळी तीन-चार थर, जास्त मारले तर तापून तडकतं. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम, आपल्या उन्हात एकच्या जवळ, पण एकच्या खाली जाऊ नका, मग ते कधीच नीट सुकत नाही.

हे मात्र ओरडून सांगतो: कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं रसायन) वेगळ्या बाटलीत मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि मगच हार्डनर घाला, कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत गेले तर आग लागते, स्फोटसुद्धा होतो. डोळ्यांना गॉगल हवाच. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या, नंतर गार पाण्याने अंघोळ.

पाण्याखालच्या चिरांना मी इपॉक्सी वापरलं, जुन्या फायबरला ते जास्त धरतं. पण इपॉक्सीबरोबर साधी मॅट चालत नाही, तिच्यातला गोंद पॉलिस्टरमध्ये, म्हणजे आधीच्या साध्या रेझिनमध्ये, विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठच राहते. विणलेलं कापड घ्या. आणि वर जेलकोट नको, रंग द्या.

डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा, जिथे अडकेल तिथे तंतू तुटलाय. एक जरी तुटला असेल तरी तार बदला, समोरच्या बाजूचीपण बदला. टोकाच्या फिटिंगला केसासारखी चीर असते, मोबाईलने झूम करून दिसते. सुकाणू वजनाला जड लागलं तर आत पाणी आहे, खालच्या टोकाला बारीक भोक पाडा, आमच्यातून दोन दिवस ठिबकत होतं. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नका, नवीन बनवून घ्या. जुनी पण धड शॅकल, पुल्या मुंबईत दारूखान्याच्या भंगार बाजारात मिळतात, तारा मात्र नवीनच.

जेटीला बांधायचे दोर नायलॉनचे हवेत, ते ताणले जातात. आमचे स्वस्तातले प्लास्टिकचे होते, उन्हाने कुरकुरीत झालेले. उधाणाला इकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळे आडवे आखूड दोर बांधले तर होडी एकतर लटकते नाहीतर जेटीखाली अडकते, पुढे-मागे जाणारे लांब तिरके दोर हवेत. जेटीवर घासतात तिथे जुन्या पाइपचा तुकडा घाला.

आम्ही डिसेंबरमध्ये उतरवली. ओहोटीला वाळूवर टेकवून भरतीला तरंगू दिली आणि दर भरतीला आत टिश्यू पेपर फिरवला. तिसऱ्या दिवशी ओल लागली. भोक एकदम कोरडं होतं, पाणी येत होतं सुकाणू ज्यावर फिरतं त्या कडीच्या खालच्या बोल्टातून, जिथे संध्याकाळ झाली म्हणून सीलंट न लावताच नट आवळला होता.