सावध राहताना होणाऱ्या या चुका टाळा : मुंबईच्या रोजच्या वाटेवरील परिस्थितीचे भान

सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेकांना चोर, छेड काढणारा किंवा फसवणारा माणूस आठवतो, आणि त्यामुळे 'सावध राहा' या सल्ल्याचा अर्थ 'माणसांवर संशय घ्या' असा होऊन बसतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण मुंबईत जिवावर बेतणारे प्रसंग पुष्कळदा माणसापेक्षा जागेमुळे उद्भवतात. अरुंद जिना, तुंबलेले पाणी, एकच दार असलेली खोली यांच्याकडे संशयाने पाहण्याची आपल्याला सवयच नसते. मिका एन्डस्ली या संशोधिकेने 1995 मध्ये परिस्थितीच्या भानाच्या तीन पायऱ्या मांडल्या : भोवतालचे दिसणे, त्याचा अर्थ लागणे आणि थोड्या वेळाने काय होईल याचा अंदाज येणे. आपल्यापैकी बरेच जण पहिल्याच पायरीवर थांबतात.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला. त्यात मृतांचा तिळमात्र दोष नव्हता. जिना अरुंद होता, पाऊस कोसळत असल्याने पुलावरचे लोक खाली उतरत नव्हते आणि येणाऱ्या गाड्यांतून नवी गर्दी वर चढत होती. मात्र अशा जागी भानाची तिसरी पायरी, म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज, कशी गाठायची हे आपण शिकू शकतो. पुढची माणसे थांबली आहेत आणि मागून येणारी थांबत नाहीत, एवढे दिसताच त्या जिन्यावर पाऊल न ठेवता फलाटावरच दहा मिनिटे काढावीत. कार्यालयातील उशीर भरून काढता येतो. गर्दीत सापडल्यावर हात मोकळेपणाने हलवता येईनासे झाले, तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरावेत, कारण अशा गर्दीतील मृत्यू बहुतेक वेळा छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. गर्दीच्या लोटाविरुद्ध जोर लावू नये. लोट ओसरताच तिरके सरकत कडेला यावे. पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलण्यासाठी वाकू तर मुळीच नये.

दुसरी चूक मोबाइलची आहे, परंतु तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. बसायला जागा मिळाल्यावर मोबाइल पाहण्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते उतरताना, रस्ता ओलांडताना आणि रिक्षात पाय ठेवताना, म्हणजे नेमक्या त्या क्षणी, जेव्हा आपल्या हालचालीची दिशा बदलत असते. लोकलच्या दारात उभे राहून बोलणाऱ्याच्या हातावर रुळांलगत उभ्या असलेल्या चोराने फटका मारायचा आणि खाली पडलेला मोबाइल घेऊन पळायचे, हा प्रकार मुंबईकरांना ठाऊक आहे. त्यात मोबाइलपेक्षा तोल जाण्याचे भय मोठे असते. चालताना निदान एका कानातील इअरफोन काढून ठेवावा.

तिसरी चूक ओळखीच्या वाटेवर विसंबण्याची आहे, कारण पावसाळ्यात तीच वाट फसवते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या बंद मोटारींमध्ये गुदमरून काही जणांनी प्राण गमावले. 29 ऑगस्ट 2017 च्या पुरात शहरातील एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. म्हणून पाणी वाढू लागताच, दारे उघडत आहेत तोवर गाडी सोडावी, आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर 'ही वाट रोजचीच आहे' या भरवशावर पाण्यात पाऊल टाकू नये.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती मात्र चौथ्या चुकीची : धोका लक्षात येतो आणि तरीही भिडेखातर आपण जागचे हलत नाही. रात्री उशिराच्या गाडीत डबा रिकामा होत जातो, समोरच्याचे वागणे खटकते, पण उठून गेलो तर त्याला काय वाटेल, या विचाराने अनेक जणी तशाच बसून राहतात. उठण्यासाठी पुरावा लागत नाही. पुढच्या स्थानकावर उतरून माणसे असलेल्या डब्यात चढावे. रिक्षा अनोळखी गल्लीत वळली तर 'दादा, मुख्य रस्त्यानेच घ्या' असे स्पष्ट आवाजात सांगावे आणि त्याच वेळी घरी फोन लावावा. आपला अंदाज चुकला तरी कोणाचे काहीच बिघडत नाही. मुलींना आपण 'लक्ष ठेव' एवढेच शिकवतो. 'खटकले की उठ, कोणी रागावले तरी चालेल' हे त्यांना घरातूनच सांगायला हवे.

एवढे ठरवूनही दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे दहा मिनिटांत सारे विसरायला होते, आणि दुसरी म्हणजे सतत टेहळणी केल्याने जीव थकतो व उगाच धास्ती वाटू लागते. दोन्हींवर उपाय एकच आहे : दिवसभर लक्ष ठेवण्याऐवजी काही उंबरठे ठरवावेत. इमारतीचे फाटक, स्थानकाचा जिना, वाहनाचे दार आणि सभागृहाचा किंवा हॉटेलचा प्रवेश, एवढ्या ठिकाणी मान वर करून दोन गोष्टी पाहाव्यात : आत काय चालले आहे आणि बाहेर पडायची दुसरी वाट कोणती. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल्स आवारातील पबच्या आगीत 14 जण दगावले, त्यांतील अनेकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता आणि ते धुराने गुदमरले. दुसरे दार आधीच पाहून ठेवावे ते याचसाठी. उंबरठा ओलांडल्यावर मन मोकळे सोडावे, गप्पा माराव्यात, पुस्तक वाचावे.

मदत मागताना आपण कुठे आहोत हेच अनेकांना सांगता येत नाही. रेल्वेसाठी 139 आणि इतरत्र 112 हे क्रमांक पाठ असले, तरी गाडीत बसल्यावर डब्याचा क्रमांक आणि पुढचे स्थानक पाहून ठेवावे. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी थांबली असेल, तर रुळांशेजारच्या विजेच्या खांबावरील क्रमांक वाचून सांगावा.